सोळाव्या पानानंतर

"सर, पालखीतली पुस्तकं आजवर कुणी वाचली आहेत का?"

खरं सांगते, हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता. नूरीन आणि प्रियदर्शनीनं पैज लावली होती. ढोले सरांना भर वर्गात हे विचारून दाखवायचं. विचारलं तर दोघींकडून भडंगाचा एकेक पुडा, नाही विचारलं तर दहावी संपेपर्यंत मला 'मुकी' म्हणणार. आठवीपर्यंत मला तसंच म्हणायचे सगळे. 'हजर सर' म्हणतानासुद्धा माझा आवाज बाकाखाली जाऊन बसायचा. पण गेल्या वर्षी सांगलीला वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून म्हणे माझ्या तोंडाला ब्रेकच राहिलेला नाही. असं मम्मी म्हणते. मी ते कौतुक समजते.

तर मी उभी राहिले आणि विचारलं. मागच्या बाकांवरून हसण्याची एक लाट आली. ढोले सर खडू टेबलावर ठेवून म्हणाले, "खाली बस." एवढंच.

आमच्या आष्ट्यात आमच्या शाळेची ग्रंथदिंडी लय गाजते. मराठी भाषा दिनाला चावडीपासून शाळेपर्यंत पालखी निघते. पालखीत देव नसतो, पुस्तकं असतात. शाळेच्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवलेली समाजसुधारणेवरची पाच जुनी पुस्तकं. जातपात सोडा, मुली शिकवा, देवाच्या नावानं कुणाला लुबाडू नका, असं सांगणारी. पुढं लेझीम, मागं आम्ही मुली नऊवारी नेसून. दारोदारी बायका पाट मांडतात, पुस्तकांना हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, पाया पडतात. संध्याकाळी पुस्तकं परत कपाटात. वर्षभर त्यांना हात लावायचा नाही. लावलाच तर फक्त हेडमास्तरांनी, तेही चप्पल काढून.

तास संपल्यावर सरांनी मला कपाटापाशी बोलावलं. दारामागं नूरीन आणि प्रियदर्शनी कान लावून उभ्याच होत्या. सर म्हणाले, "त्या दोघींनाही आत घे. एकटीचं डोकं एवढं चालत नाही तुझं."

त्यांनी कुलूप उघडलं आणि सगळ्यात जाड पुस्तक माझ्या हातात दिलं. पहिल्या पानावर इतक्या वर्षांचं हळदकुंकू बसलेलं. पुस्तकाचं नाव त्याच्याखाली गेलेलं, लिहिणाऱ्याचंही. मी नखानं खरवडून बघितलं तर कागदच निघायला लागला.

"कुणी लिहिलंय सर?"

"कुणी म्हणतं मास्तर होते, कुणी म्हणतं कीर्तनकार. शंभर वर्षं होत आली. नाव आपणच पुसलं."

मी पानं उलटायला लागले. सोळा पानं उलटली आणि पुढं पुस्तक उघडेचना. पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. मला वाटलं ओल लागून चिकटलीत. सर म्हणाले, पूर्वी काही पुस्तकं अशीच यायची. छापलेला मोठा कागद घडी घालून शिवायचे आणि घड्या वाचणाऱ्यानं स्वतः कापायच्या. वाचत जायचं, कापत जायचं.

"म्हणजे सर," प्रियदर्शनी म्हणाली, "सोळा पानांच्या पुढं कुणी गेलंच नाही? शंभर वर्षांत?"

मी पहिली सोळा पानं पुन्हा चाळली आणि नवव्या पानावर माझे डोळे मोठे झाले. 'मुलगी शिकली म्हणजे घराला आणखी एक खिडकी होते.' हे माझ्या भाषणातलं वाक्य! सरांनी यंदाच्या दिंडीसाठी मला लिहून दिलेलं. पुढचं दारूबद्दलचं वाक्यही तिथंच, स्वच्छतेचंही तिथंच.

"सर, माझं अख्खं भाषण या सोळा पानांतलं आहे."

"हो," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी सातवीत होतो तेव्हा हेच भाषण केलं होतं. माझ्या सरांनी लिहून दिलेलं. त्यांना बहुतेक त्यांच्या सरांनी."

आम्ही तिघी फुटलोच. सरही हसले, आणि मग त्यांनी टेबलावरची स्टीलची पट्टी माझ्यापुढं सरकवली. "हळू काप. एक जरी पान फाटलं तर हेडमास्तरांना तुझं नाव सांगणार, माझं नाही."

पट्टी घडीत घालून मी ओढली. सर्रकन आवाज झाला आणि सतरावं पान उघडलं. त्या पानाला आमच्या आधी माणसाचा उजेडच लागला नव्हता. मी मोठ्यानं वाचायला लागले.

'वाचकहो, येथवर मी शेजाऱ्याच्या घराविषयी लिहिले म्हणून तुम्ही माना डोलावल्यात. आता तुमच्या घराविषयी लिहितो. पुष्कळ वाचक येथेच पुस्तक मिटतील.'

"मिटतील काय, उघडलंच न्हाई की!" नूरीन ओरडली आणि सरांनी तिला दटावलं.

'मुलीला शाळेत घाला म्हणून सभेत टाळ्या घेणारा गृहस्थ बांधावर आला की मुका होतो. मुलाला वावर आणि मुलीला लुगडे. ती लुगडे नेसून सासरी जाते. आज कायदा तिला काही देत नाही, उद्या देईल. त्या दिवशी तिचा भाऊ तिच्यापुढे कागद धरील आणि तिला पुन्हा लुगडेच दाखवील, असे भय मला वाटते. कायदा सरकार देईल. पण तो उंबऱ्याच्या आत घेण्याचे धैर्य कोण देईल?'

माझा आवाज शेवटच्या ओळीला बाकाखाली गेला. पूर्वीसारखा.

"काय गं?" प्रियदर्शनीनं विचारलं.

आमच्या घरी कपाटात एक हिरवी इरकल साडी होती. पप्पांनी मागच्या आठवड्यात सांगलीहून आणलेली. हरणाआत्यासाठी. हरणाआत्या पप्पांची मोठी बहीण, उंब्रजला दिलेली. माझे आजोबा लालासाहेब गेल्या वर्षी गेले. तेव्हा जमिनीच्या उताऱ्यावर वारस म्हणून दोन नावं लागली, पप्पांचं आणि आत्याचं. आता सोमवारी आत्या रजिस्ट्रेशनच्या कचेरीत जाऊन हक्कसोड पत्रावर सही करणार होती. माझा वाटा मी भावाला सोडला, असा तो कागद. आमच्याकडं सगळ्या बहिणी करतात. भाऊ साडी घेतो, जेवण घालतो, बहीण सही करते. त्याच्यात लपवण्यासारखंही काही नसतं. मम्मीनं मला साडीचा काठ दाखवून विचारलंही होतं, "आत्याला शोभंल न्हवं?" आणि मी म्हणाले होते, "लय भारी!"

मी हे दोघींना सांगितलं. नूरीन खांदे उडवत म्हणाली, "आमच्यात तर मुलीचा वाटा धर्मातच लिवलाय. तरी आमची फुफी, अब्बांची बहीण, सही करून आली. वरनं बिर्याणी खाऊन आली."

प्रियदर्शनी आधी हसली आणि मग म्हणाली, "माझी आई पण."

सरांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, पण कपाटात लगेच ठेवलं नाही. "शिवांजली, हे वाचलंस ते चांगलं केलंस. पण स्टेजवर नको. पालखीला पुढचा खांदा कुणाचा असतो ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. पालक संघाचे अध्यक्ष, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार तानाजीराव. माझे पप्पा.

पण ती पानं मी वहीत उतरवून घेतली. सतरा, अठरा, एकोणीस. सरांनी बघितलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

दिंडीच्या दिवशी हरणाआत्या सकाळच्या एसटीनं आली. पिशवीत माझ्यासाठी उंब्रजचे पेढे. आत्या आली की आमचं घर मोठं झाल्यासारखं वाटतं. ती स्वयंपाकघरात शिरते, मम्मीला पाटावर बसवते आणि म्हणते, "वैनी, आज तू पावणी." पप्पा पन्नाशीला आलेत, पण आत्या त्यांना अजून 'तानू' म्हणते आणि हवालदारसाहेब मान खाली घालून 'व्हय आक्का' म्हणतात. मला हे सगळं लय आवडतं. म्हणूनच तर त्या सकाळी मी तिच्याकडं सरळ बघत नव्हते.

पालखी निघाली. चौकात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट अडकला आणि त्याच्या टेपवरच्या गाण्यावर आमच्या लेझीमवाल्या मुली नाचायला लागल्या. हेडमास्तर ओरडले, ट्रॅक्टरवाल्यानं आवाज आणखी वाढवला. शेवटी पप्पांनी पालखी खांद्यावर असतानाच एक फौजी आरोळी ठोकली, "गाडी साइडला घे रं गड्या! पुस्तकं चालल्यात, दिसत न्हाई व्हय?" ट्रॉल्या बाजूला झाल्या. मला पप्पांचा लय अभिमान वाटला.

आमच्या दारापुढं आत्या पाट मांडून थांबली होती. तिनं त्या जाड पुस्तकावर चिमूटभर कुंकू वाहिलं, बरोबर त्याच पहिल्या पानावर, आणि डोळे मिटून हात जोडले. तिच्या ओठांची हालचाल बघून कळत होतं की ती काहीतरी मागत होती. जिथं तिच्यासाठी लिहिलं होतं, तिथून सोळा पानं अलीकडं.

शाळेच्या मैदानावर स्टेज होतं. पालखी स्टेजपुढं टेबलावर ठेवली. माझं नाव पुकारलं. मी गेले, नमस्कार केला आणि ठरल्याप्रमाणं सुरुवात केली. देवाशपथ, मी ठरल्याप्रमाणंच बोलणार होते. खिडकीचं वाक्य आलं, टाळ्या पडल्या, पप्पांनी पहिल्या रांगेत सगळ्यात जोरात वाजवल्या. बायकांच्या रांगेत आत्याही वाजवत होती. आणि मला त्या मास्तराची की कीर्तनकाराची ओळ आठवली. टाळ्या सभेत. बांधावर मुका.

मी माइक सोडला. स्टेजवरून खाली उतरले आणि पालखीतून ते पुस्तक उचललं. झेंडूची फुलं सगळी खाली सांडली.

मागून कुणीतरी ओरडलं, "ए पोरी, चप्पल काढ आधी!"

मी चप्पल काढली. मग अनवाणी स्टेजवर चढून माइकपाशी गेले.

"हे पुस्तक आपण दर वर्षी खांद्यावर घेतो," मी म्हणाले. "पण याची सोळाच पानं कापलेली होती. पुढची आम्ही तिघींनी परवा कापली. म्हणून सतरावं पान आज मी पहिल्यांदा आष्ट्याला वाचून दाखवते."

आणि वाचलं. सगळं. लुगडं, कागद, बांध, धैर्य. एकदाही अडखळले नाही. हेडमास्तर दोनदा खाकरले, तिसऱ्यांदा ढोले सरांनी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. बायकांच्या रांगेत कुणी पदर तोंडाला लावला होता, कुणी शेजारणीच्या कानात बोलत होतं. वाचून झालं तेव्हा टाळ्या पडल्या त्या तिघींच्याच. नूरीन, प्रियदर्शनी आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चंद्राबाई. चंद्राबाईंनी तर मी स्टेजवरून उतरेपर्यंत वाजवल्या.

पप्पा उठून निघून गेले. पालखी कपाटापर्यंत न्यायला दुसराच खांदा शोधावा लागला.

घरी पोचले तर पप्पा पुढच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसलेले. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आत्या कॉटवर, मम्मी दारात. साडीचा बॉक्स टेबलावर होता.

"गावापुढं बापाची अब्रू काढली," पप्पा म्हणाले. "एकवीस वर्षं फौजेत काढली, मला कुणी बोट न्हाई दाखवलं. आज तू दाखवलंस."

"मी तुमचं नाव नाही घेतलं पप्पा. पुस्तक वाचलं."

"उलट बोलू नको!"

मला वाटलं होतं आत्या माझ्या बाजूनं बोलेल. हळूच का होईना. पण आत्याचे डोळे लाल होते आणि ती माझ्यावरच चिडली होती.

"शिवे, तुला कुणी सांगितलं गं माझी वकिली करायला? जमीन घेऊन मी काय करू? मला दिवाळीला यायला हे दार पायजे. रात्री-अपरात्री काय झालं तर 'तानू' म्हणून फोन करायला भाऊ पायजे. तू माझं म्हायेर बंद करायला निघालीस व्हय?"

मी आत्यासाठी वाचलं असं मला वाटत होतं, पण आत्याला विचारलं कुठं होतं? मी रडणार नाही असं ठरवलं होतं, तरी आलंच.

"माझी चूक झाली आत्या," मी म्हणाले. "तुला न विचारता बोलले." मग नाक पुसलं आणि जे खरंच विचारायचं होतं ते विचारलं. या वेळी पैज नव्हती. "पप्पा, आत्यानं सही नाही केली तर तिला हे दार बंद होईल का?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग आत्याकडं. ते लगेच 'न्हाई' म्हणतील म्हणून आम्ही तिघी वाट बघत होतो. आत्या सगळ्यात जास्त. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज कमी होत होत संपला, तरी पप्पा गप्पच.

"असं कुटं असतं का..." शेवटी ते म्हणाले, पण एवढा उशीर पुरे झाला होता. आत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललेलं मी बघितलं.

तेव्हा मम्मी बोलली. दारातूनच. "मी कोरेगावला, माझ्या म्हायेरी, सही केलीया. तुझा जयराजदादा पोटात हुता तवा. मलाबी हिरवीच मिळाली हुती." तिनं साडीच्या बॉक्सकडं बघितलं. "माझा दादा गेल्यावर वैनीनं दिवाळीला बोलवायचं बंद केलं. सही करूनबी दार लागलंच की."

मला हे माहीतच नव्हतं. मम्मी दर दिवाळीला म्हणायची, 'माझं काय, मला कामातनं सवड कुटं हाय,' आणि मी खरं धरायचे.

आत्यानं टेबलावरचा बॉक्स उघडून साडीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शिवे, ते लुगड्याचं काय वाचलंस? परत वाच. हळू."

मी वही आणली आणि तिच्याजवळ बसून वाचलं. स्टेजवर वाचलं तसं नाही, साधं. 'आणि तिला पुन्हा लुगडेच दाखवील, असे भय मला वाटते.'

"भय वाटतं म्हणतोय," आत्या म्हणाली. "बाप्या माणूस असून." आणि चक्क हसली. मग तिनं बॉक्स उचलून आपल्या पिशवीत घातला. "तानू, साडी नेते. भावानं घेतलीया, न्हाई म्हणू नये. सोमवारी काय मी येत न्हाई."

"आक्का!"

"दिवाळीला येते. दार उगडं दिसलं तर मग बगू कागदाचं. आन् बंद दिसलं तर मग बगायचंच न्हाई." तिनं पायात चपला सरकवल्या. "वैनी, चार वाजताची गाडी हाय. च्या टाक."

पप्पांना बहिणीवर ओरडता येईना, म्हणून ते माझ्याकडं वळले. "आजपासनं भाषणं बंद. साताऱ्याच्या स्पर्धेला जायचं न्हाई. ही माझी ऑर्डर हाय. अगं, उद्या जयराजबी तुला साडी घेईल, लय भारीतली घेईल, त्यात वाईट काय हाय? सगळ्या घरात हेच चालतं."

जयराजदादा बेळगावला ट्रेनिंगला आहे. तो खरंच घेईल. भारीतली घेईल. आणि मला काठ दाखवून कुणीतरी विचारेल, शोभंल न्हवं?

मी उभी राहिले. वही छातीशी धरली नाही, टेबलावर ठेवली, उघडी. मम्मी चहाचं भांडं हातात घेऊन थांबली.

"पप्पा, मम्मी, दोघं ऐका. आत्याचं आत्या ठरवेल, मी पुन्हा मध्ये बोलणार नाही. पण माझं मी ठरवलंय. साताऱ्याला मी जाणार, आणि तिथं विसाव्या पानापासून पुढं वाचणार. ढोले सरांनी पुस्तक दिलं नाही, तर वहीत उतरवलेली तीन पानंच वाचेन. आणि जयराजदादाला आजच फोन करून सांगा, साडी घेऊ नको. राखी मी दर वर्षी बांधणार, भाऊबीजेला ओवाळणार, त्याला जेवढं मागायचं तेवढं माझ्याकडं मागू दे. पण मी अठराची झाले, वीसची झाले, लग्न झालं, नाही झालं, तरी त्या कागदावर सही करणार नाही. कधीच नाही."